हजेरी बसमध्येच लागते

आई,

"सरावाला मुलीला शाळेच्या बसनेच पाठवा हं, हजेरी आम्ही बसमध्येच घेतो," असं बसमधल्या ताईंनी मला आधीच बजावलं होतं. मी हसून "बरं" म्हटलं आणि ठमीला आपली स्कूटरवरून नेत राहिले, कारण बसमध्ये तिला उलटी होते. काल वर्गाच्या बाई म्हणाल्या, ठमी दोन्ही सरावांना गैरहजर. आमची बया तिथे पहिल्या रांगेत घसा फोडून गात होती, ते सगळ्यांनी पाहिलंय, पण नियम म्हणजे नियम. आज शेवटचा सराव. तोही बुडाला तर बालवर्गाच्या पदवीदानात तिला स्टेजवर घेणार नाहीत. आणि ती तर काळी टोपी घालूनच झोपलीये.

म्हणून मी मुद्दाम लवकर कामावर निघाले. मी समोर असले की ती मला सोडून बसमध्ये चढायची नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही ते बघवणार नाही.

दूध नका देऊ, नुसता कोरडा टोस्ट द्या. पुढच्या खिडकीपाशी बसवायला सांगा. जास्तीचा फ्रॉक दप्तरात ठेवलाय. रडली तरी मला फोन लावून देऊ नका, मी लगेच स्कूटर काढीन.

बस शाळेत पोचली की तेवढा ताईंना फोन करा, नंबर फ्रिजवर लावलाय. उलटी झाली का ते विचारू नका, ते मी धरूनच चाललेय. पोर हसत उतरली का, एवढं विचारून मला कळवा.