उघडी ठेवलेली वाट

३ जून
टेबलाखाली डोकं घालून वायरी मोकळ्या करत होतो, तेवढ्यात असा शिंकलो की डॉक्टरबाई खाली वाकून म्हणाल्या, नवा माणूस पहिल्याच दिवशी पेशंट झाला. एक्स-रेचा छोटा दवाखाना. एक्स-रे काढणं आणि संगणक सांभाळणं, दोन्ही माझ्याकडे. राहायला वरची खोली, खिडकीत भरपूर ऊन. मशीनला जोडलेला संगणक मात्र फार जुना. त्याच्या ऑपरेटिंग सिस्टीमला अपडेट येणं केव्हाच थांबलंय. तिच्यातली भोकं जगजाहीर आहेत. बाहेरून कोणीही पासवर्डशिवाय आत शिरेल. बदलावी तर एक्स-रेचा प्रोग्रॅम दुसऱ्या कशावर चालत नाही. झाडलोट करणाऱ्या मावशी म्हणाल्या, माझ्यासारखंच की, दुरुस्ती बंद, काम चालू.

५ जून
फायरवॉल बसवली. आता बाहेरून काही आत येणार नाही. बाईंनी एक वाट तेवढी उघडी ठेवायला सांगितली. त्यांचा मुलगाही डॉक्टर. परगावाहून त्या वाटेने आत येऊन एक्स-रे तपासायचा. गेल्या वर्षी अपघातात गेला. त्याचं लॉगिनचं नाव पुसू नका, म्हणाल्या. त्या वाटेने आता कोण येणार? ठेवली.

८ जून
दुपारी पडद्यावरचा बाण आपोआप हलला. एका ट्रक ड्रायव्हरच्या छातीच्या एक्स-रेवर त्याने बारीक गोल काढला. मुलाच्या नावाने कोणीतरी आत शिरलं होतं. मी बंद करायला धावलो. बाईंनी माझा हात धरला. तो असाच गोल काढायचा, म्हणाल्या. गोलाच्या आत डाग होता.

११ जून
रोज दुपारी येतो. रोज कुणाच्या तरी छातीवर गोल. बाई पडद्यासमोरच डबा खातात. भाजीत मीठ कमी पडलं तेही त्याला सांगतात. मावशींनी मला बाजूला घेऊन बजावलं, वर्षभरानं हसतायत बाई, तू कशाला वाईटपणा घेतोस.

१४ जून
मशीनची मूळ चित्रं वेगळी साठवलेली असतात. आज उघडून पाहिली. ड्रायव्हरच्या चित्रात डाग नाही. बाकीच्यांच्याही नाही. म्हणजे कोणीतरी चोर चित्रं बदलतोय. ड्रायव्हरला बोलावलं. नेटवर्कची वायर काढून ठेवली आणि नवा एक्स-रे घेतला.
डाग आहे.
आधी गोल. मग डाग.
ड्रायव्हर विचारत होता, साहेब, काळजीचं काही नाही ना?

१५ जून
बाईंना सगळं सांगितलं. माझं लेकरू कुणाचं वाईट करणार नाही, म्हणाल्या. वायर त्यांनी परत जोडली. मग हळूच विचारलं, ज्याच्यावर गोल येतो, तो माझ्या लेकराकडेच जातो ना?
उद्या वायर कापायची.

१६ जून
बाईंनी स्वतःचा एक्स-रे लावला होता. मावशींना म्हणे मशीन चालवायला लावलं— स्वच्छ. एकही डाग नाही. पडद्यासमोर बसून त्याला हाका— बाण हलायला लागला— मी कात्री घेऊन—
कापली. गोल अर्धाच.

१७ जून, सकाळ
उरलेला अर्धा गोल बाईंनी स्वतः माउस धरून पूर्ण केला होता. मला म्हणाल्या, नवा एक्स-रे काढा. काढला. डाग आहे. त्यांनी तो बराच वेळ पाहिला आणि मावशींना चहा टाकायला सांगितलं.