पाहुणे बसले असताना

३ फेब्रुवारी
वरवंडहून दौंडास, चिरंजीव महेंद्र यांच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आज सुखरूप पोहोचलो. खोली हवेशीर आहे. आगगाड्यांचा आवाजही गोड वाटतो. लघवीची नळी अजून काही दिवस राहणार. रुग्णालयातील परिचारिकेने सूनबाई करुणा हिला सर्व समजावून दिले आहे: पिशवी कमरेच्या खाली टांगावी, जमिनीस टेकू देऊ नये, पाणी भरपूर द्यावे, नळी दुमडू देऊ नये. लघवी तुंबल्यास जिवावर बेतेल. मी चौथी उत्तीर्ण आहे. एकदा सांगितलेले मला पुरते.

५ फेब्रुवारी
गावचे लोक भेटावयास आले. पिशवी चादरीआड होती, परंतु नळीतून उतरणारी पिवळी धार सर्वांना दिसली. मल्हारी म्हणाला, "आबा, तुमचं ठिबक लय झ्याक चाललंय की!" सारे हसले. मीही हसलो. यापुढे पाहुणे असेपर्यंत नळी चादरीखाली मुठीत दुमडून धरावी, ते उठताच सोडावी, असे ठरविले आहे.

८ फेब्रुवारी
दुपारी एक अनोळखी गृहस्थ आले. स्वच्छ टोपी, अदबीचे बोलणे. मी नळी दुमडली. ते पुष्कळ वेळ बसले. करुणा चहा घेऊन आली आणि म्हणाली, "मामा, दोन कप कुणाला? हितं तर कुणीच न्हाई." पाहुण्यांसमोर असे बोलल्याबद्दल तिला रागे भरलो.

९ फेब्रुवारी
अंगात कणकण आहे. ओटीपोट दगडासारखे झाले आहे. गृहस्थ पुन्हा आले, उठेनात. शेवटी हळूच म्हणाले, "म्या हाय तवर सोडू नका, आबा. बरं दिसत न्हाई." मूठ तर चादरीखाली होती. त्यांना कसे कळले?

११ फेब्रुवारी
थंडी वाजून ताप. करुणाने चादर ओढली, मूठ उघडली आणि रडली. "मामा, लाजंपायी जीव देताय व्हय?" पिशवीत लाल उतरले. पुन्हा दुमडणार नाही, असे तिला वचन दिले. ती बाहेरून कडी लावून रिक्षा आणावयास गेली आहे.

कडी वाजली नाही. तरी ते खुर्चीवर — खुर्ची खाटेस टेकलेली —

पोटात कळ. पिशवीत थेंब नाही. त्यांना जाण्यास सांगितले. पाहुण्यास असे प्रथमच —

ते हसले. उठत नाहीत.

बाहेर रिक्षा. करुणा हाक मारते. माझा डावा हात चादरीवर आहे. मूठ उघडी आहे. नळी सोडली आहे, मी सोडली आहे — तरी चादरीखाली ती कोणी घट्ट —