लिओपोल्डची जागा

व्हिएन्ना, १२ नोव्हेंबर

प्रिय हेडविगताई,

मी बरी आहे, वेळेवर जेवते. तुझा गुडघा कसा आहे?

लिओपोल्ड गेल्यावर काल प्रथमच ऑपेराला गेले, आमच्या नेहमीच्या, उभं राहून ऐकायच्या स्वस्त तिकिटावर. जागा धरायला इथे कठड्याला मफलर बांधतात. सवयीने मी दोन बांधले, दुसरा त्याचा.

मागून एक म्हातारी म्हणाली, "बाई, ही जागा मला द्या ना. का मफलरच गाणं ऐकणार?"

"यजमान येताहेत," मी म्हणाले.

ती बिचारी खांबाआड उभी राहिली. मध्यंतरात मलाच समजावत म्हणाली, "येतील हो. माझेही असेच उशिरा यायचे."

तेव्हाही मी खरं बोलले नाही. ताई, फार लाज वाटते. पडदा पडेपर्यंत मी त्याची वाटच पाहत होते.

तुझी धाकटी,
रोझविथा