कुठे काही हललं का?

दादा,

भूकंपात गाडलेल्यांना बाहेर काढायला तू जगभर धावतोस, पण एरवी तुला घर आठवत नाही. निघण्याआधी घरी फोन करायचाच, असा तुमच्या पथकाचा नियम आहे, म्हणून तेवढा तरी येतो.

त्यापायी मी मोबाइलवर भूकंपाचा नकाशा घेतलाय. कुठेही जमीन हलली की तो वाजतो. दुकानात दातांच्या कवळ्या घासताना माझं अर्धं लक्ष तिकडेच असतं. एकदा दुकानासमोरून ट्रक गेला, फळीवरच्या कवळ्या कडकडा वाजल्या आणि मी सगळं टाकून मोबाइलकडे धावले. गिऱ्हाईक बिचारं बोळकं उघडून बघत राहिलं.

गेल्या महिन्यात तो खरंच वाजला. भूकंप मोठा होता. मी आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडले, "आई, दादाचा फोन येणार!" आईनं घाईघाईनं केस विंचरले. तू "निघतोय गं" एवढंच म्हणालास, तरी तिचा चेहरा फुलला. मग टीव्ही लावला. एक बाई हातांनी विटा उपसत कुणाला तरी हाका मारत होती. आम्हां दोघींना एकमेकींकडे बघवेना.

हे पत्र मी टाकणार नाही. नियमाचा फोनही बंद केलास तर काय घ्या!

पण कधीतरी उगाच फोन कर रे. आज चहा गाळता गाळता आई सहज म्हणाली, "काय गं, बऱ्याच दिवसांत कुठे काही हललं नाही?"

तुझी,
धाकटी