मागची सीट

४ नोव्हेंबर

आजपासून मोटरसायकल बंद!

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी एका वाक्यात निकाल लावला. "गाडी चालवायची नाही. गल्लीतसुद्धा नाही." काचबिंदू. समोरचं मला अजून लख्ख दिसतं, पण दोन्ही बाजूंचं गेलं. नळकांड्यातून बघावं तसं. मी म्हटलं, मोटरसायकलला समोरचंच तर लागतं! बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "बाजूने येणारा तुम्हाला दिसणार नाही, आणि त्याला ते माहीतही नसेल." गेलेली नजर परत येत नाही म्हणे. रोज थेंब घालायचे आणि उरली आहे ती राखायची.

बसने घरी आलो. बसमध्ये बायकोने माझा हात धरला होता. मी सोडवून घेतला. मग उगाचच वाईट वाटलं.

५ नोव्हेंबर

खाली जाऊन गाडी पुसली. चालू केली नाही.

७ नोव्हेंबर

कामावर कोणाला बोललो नाही. शिवणकारखान्यात कापड कापायला समोरचं पुरतं, त्यामुळे नोकरी शाबूत. आज शंभर बाह्या कापल्या. बाहीचा गोल कापताना कात्रीच्या टोकाकडे बघायचं नसतं, रेघ पुढे जिथे चालली आहे तिकडे बघायचं. हे गाडीने कात्रीला शिकवलं की कात्रीने गाडीला, आता आठवत नाही. आज कापता कापता डोळे भरून आले आणि हात थांबला. शिलाईवाल्या बाईंनी विचारलं, "मास्तर, काय झालं?" म्हटलं, कापडाची धूळ.

९ नोव्हेंबर, रविवार

गाडीशिवाय पहिला रविवार. सकाळपासून घरात मांजरासारखा येरझाऱ्या घालतोय. ही म्हणाली, "बसा हो एका जागी, मला गरगरतंय."

दर रविवारी आम्ही दोघं धरणाच्या रस्त्याला जायचो. लग्न झाल्यापासून, मुलगी लहान होती ती वर्षं सोडली तर. त्या रस्त्याला चढावर वळणंच वळणं, आणि सगळ्यात वर ते मोठं, लांबलचक, डावीकडे वळत जाणारं. त्याला मी विळा म्हणतो. जगात देवाने काही नीट बनवलं असेल तर तो विळा.

लिहूनच ठेवतो, कसा घ्यायचा. काय तो ब्रेक वळणाच्या आधी, गाडी सरळ असतानाच. आत शिरल्यावर ब्रेकला हात लावला तर गाडी रुसते. आपल्या लेनच्या बाहेरच्या कडेने शिरायचं. गुडघे टाकीला चिकटलेले, कोपर सैल. डावीकडे वळायचं तर डावी मूठच हळूच पुढे ढकलायची. नवशिक्यांना हे खोटं वाटतं! पण गाडी आपोआप डावीकडे झुकते. आणि नजर? खड्ड्याकडे नाही, दगडाकडे नाही. वळण संपतं तिकडे. जिकडे बघाल तिकडे गाडी जाते. मग थ्रॉटल एकसारखा धरायचा, आणि रस्ता उलगडायला लागला की अलगद वाढवायचा. तिथे पोटात एक हलकंसं काहीतरी होतं. वजन कमी झाल्यासारखं. त्या एवढ्याशासाठी मी आठवडाभर कापड कापायचो.

आणि विळ्याच्या मध्यावर उजव्या हाताला एकदम धरणाचं पाणी दिसतं. मी दर वेळी ओरडायचो, "पाणी बघ, पाणी!" मागून ही म्हणायची, "हो हो, छान!" दर वेळी तेच. हिच्यासारखी मागे बसणारी बाई शोधून सापडायची नाही. लग्नानंतर पहिल्याच दिवशी सांगितलं होतं: पोत्यासारखी बस, गाडी झुकली की तूही झुक, माझ्या खांद्यावरून वळणाच्या आत बघ. पुन्हा सांगावं लागलं नाही. मागे कोणी आहे की नाही कळायचं नाही, आणि तरी आहे हे सतत कळायचं.

हे सगळं मला परत हवं आहे. दुसरं काही नको.

१२ नोव्हेंबर

गॅरेजवाला मित्र संध्याकाळी चहाला आला. सगळं गाव त्याला पान्या म्हणतं, खिशात पाना नसेल तर त्याला चालताच येत नाही. म्हणाला, "उभी राहून सडेल रे. एक चांगलं गिऱ्हाईक आहे माझ्याकडे, जपेल." मी काही बोलायच्या आत स्वयंपाकघरातून आवाज आला, "विकायची नाही."

"वहिनी, मग चालवणार कोण?"

"मी."

पान्याला चहाचा असा ठसका लागला की पाठ चोळावी लागली. हिने स्कूटरसुद्धा कधी चालवली नाही! मला वाटलं, माझी समजूत काढायला म्हणतेय. पण रात्रीची भांडी आवरताना म्हणाली, "रविवारी मैदानावर जाऊ. आणि हो, ओरडायचं नाही."

१६ नोव्हेंबर, रविवार

बंद गिरणीच्या मागच्या मैदानावर. पान्याने गाडी तिथवर आणून दिली. क्लच, गिअर हिने पटापट उचललं. सरळ रेषेत तर झकास! पण वळणात गडबड. विटा मांडून एक मोठं वळण आखलं होतं. अंग काय सुरेख झुकतं हिचं! इतकी वर्षं मागे बसून अंगात मुरलं आहे. पण गाडी दर वेळी विटांच्या बाहेर. मी ओरडलो. (ओरडलोच.) "बघतेस कुठे?"

"समोर!"

"समोर म्हणजे कुठे?"

हेल्मेट काढून पाणी प्यायली आणि म्हणाली, "सवय नाही हो मला पुढे बसायची."

घरी येताना मला एकदम उलगडा झाला. इतकी वर्षं हिच्या नाकासमोर माझी पाठ होती. हिची नजर पाठ असायची तिथवरच जाऊन थांबते! तसं तिला सांगितलंही. ती हसली. "असेल," म्हणाली. मी अख्खा दिवस या शोधावर खूश.

१९ नोव्हेंबर

मुलीचा फोन. "बाबा, आईला काय वेड लागलंय का? आणि तुम्ही तिला शिकवताय?" म्हटलं, हो. "जपून हो दोघं." मग हळूच विचारलं तिने, "जमतंय का तिला?"

२३ नोव्हेंबर, रविवार

आज युक्ती केली. वळण संपतं तिथे मी स्वतःच उभा राहिलो. सांगितलं, "विटा विसर, गाडी विसर. शिरलीस की माझ्याकडे बघ. मी आहे तिथे यायचं, बस्स." पहिल्यांदा बाहेर गेली. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा हेल्मेटची काच वर करून आली. डोळे टक्क उघडे, वटारल्यासारखे, माझ्यावर रोखलेले. आणि गाडी अशी वळली, अशी वळली! माझ्या शेजारून गेली तेव्हा वाऱ्याने शर्ट हलला.

मी टाळ्या वाजवल्या. माझ्याकडे बघत इतक्या निश्चयाने हे माणूस पूर्वी कधी आलं होतं का? आठवत नाही. लाजल्यासारखं झालं, या वयात!

पण पुढे मी असायचो, ते आता नाही. हेही तिथेच मनाला लागलं. एकाच वेळी दोन्ही.

१२ डिसेंबर

पक्का परवाना मिळाला. परीक्षकाने विचारलं, "कोणी शिकवलं?" ही म्हणाली, "घरचेच आहेत." पेढ्यांऐवजी पान्याने नवं तेल घातलं गाडीत.

१४ डिसेंबर, रविवार

आज पहिल्यांदा मी मागे. गावातल्या गावात एक फेरी.

माझ्याइतका भिकार मागे बसणारा माणूस जगात नसेल! उजवा पाय आपोआप ब्रेक दाबतो, जिथे ब्रेकच नाही. गिअर बदलायला तिने उशीर केला की माझी दातखीळ बसते. भाजीच्या गाडीजवळ मी "अगं अगं अगं" केलं तर म्हणाली, "पाय आपटू नका. पोत्यासारखे बसा." शब्द माझेच. गप्प बसलो.

२१ डिसेंबर, रविवार

धरणाच्या रस्त्याला गेलो. लिहावंसं वाटत नाही, पण लिहितो.

पहिलं वळण बरं गेलं. दुसऱ्याला ती सुरेख शिरली, गाडी झुकली, आणि मी ताठ झालो. नुसता ताठ नाही, उलट्या बाजूला कललो. मीच! आयुष्यभर लोकांना शिकवत आलो, मागच्याने वळणाशी भांडायचं नसतं. गाडी सरळ झाली, बाहेर गेली, कडेच्या खडीत मागचं चाक सरकलं. तिने सावरली. कशी, तिलाच माहीत. थांबवून उतरली.

"पाडणार होतात मला! दोघांनाही!"

खरं सांगायचं तर मी घाबरलो होतो. माझ्या नळकांड्यात तिचं हेल्मेट मावतं, दुसरं काहीच नाही. रस्ता दिसत नाही. झाडं, कठडे कुठून तरी एकदम अंगावर येतात. खालचा रस्ता न बघता झुकायचं कसं? ती इतकी वर्षं माझ्या खांद्यावरून बघत तरी होती. मला तेही नाही.

तिथूनच परत फिरलो. विळा वरच राहिला. पुन्हा मागे बसणार नाही. तिला एकटीला तरी कशाला पाठवू त्या रस्त्याला?

२२ डिसेंबर

पान्याला फोन केला. गिऱ्हाईक रविवारी सकाळी येईल म्हणाला. हिला सांगितलं. नुसतं "बरं" म्हणाली. हे "बरं" मला चांगलं ओळखीचं आहे. बरं अजिबात नसतं तेव्हाच येतं.

२५ डिसेंबर

स्वप्नात विळा. जाग आली तेव्हा डावी मूठ पुढे ढकललेली, उशीवर.

२८ डिसेंबर, रविवार

गिऱ्हाईक यायच्या आधीच हिने माझं हेल्मेट माझ्या हातात कोंबलं. "एकदाच. मग विका." धरणाच्या रस्त्याला पहिल्या वळणाआधी गाडी थांबवून मागे वळली. "आता डोळे मिटा."

"वेड लागलंय का?"

"मग मी इतकी वर्षं काय करत होते?"

पहिल्या दिवसापासून डोळे मिटून! प्रत्येक वळणाला! आधी भीतीने, नंतर बरं वाटायचं म्हणून. वळण आलं की तुमच्या पाठीला आधी कळायचं, म्हणाली, आणि पाठीवरून मला. मैदानातसुद्धा डोळे आपोआप मिटायचे, म्हणून विटांच्या बाहेर. "तुम्ही तुमच्या शोधावर इतके खूश होतात, म्हटलं राहू दे."

मी तिच्या कमरेला धरलं आणि डोळे मिटले. पहिलं वळण, दुसरं, ती खडीची जागा. कळत होतं. तिचा श्वास, डाव्या खांद्याचं ढकलणं, आणि मग माझं अंग न विचारता तिच्याबरोबर खाली. शेवटी ते लांबलचक, संपता न संपणारं. पोटात तेच हलकं.

मी ओरडलो नाही. तीच ओरडली, "अहो! केवढं पाणी आहे हो इथे!"