समोरच्या पाटीवर आडनाव नाही

३ ऑगस्ट, रविवार
लेकीचा, सईचा, अमेरिकेतून फोन. कॉलेज सुरू होत आलं, राहायला खोली नाही. एका घरमालकिणीने आधी हो म्हटलं, मग व्हिडिओ कॉलवर हिला पाहिलं आणि नाही म्हटलं. रंग! दुसरं काय? पुढे काहीतरी सांगत होती, पण मी ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हतो.
ठराव: पंधरा ऑगस्टला सोसायटीत भाषण. विषय, 'अमेरिकेतला वर्णद्वेष ही जातव्यवस्थाच'. मी जात मानत नाही, त्यामुळे तटस्थपणे बोलू शकेन.

५ ऑगस्ट
समोर भाडेकरू आले. नवराबायको. पाटी: 'निखिल. प्रियदर्शिनी.' बस्स. आडनाव गायब. कर नाही त्याला डर कशाला? बायको मीना म्हणते, पाटीत जागा नसेल. चांगली दीड फुटाची पाटी आहे, मी मोजली.

६ ऑगस्ट, सकाळी
लिफ्टमध्ये निखिल. सहज गाव विचारलं. नेरूळ म्हणाला. त्याआधी? चेंबूर. त्याआधी? तर म्हणे, काका, मजला आला.
विषय टाळला.
भाषणाची सुरुवात लिहिली: तिथे माणसाची पायरी जन्मतःच ठरते, कितीही शिकला तरी ती सुटत नाही. मीनाला वाचून दाखवलं. तिने नुसतं हं केलं.

८ ऑगस्ट
करावे गावची रंगूबाई दारावर मासे घेऊन येते. समोरचे काय घेतात, विचारलं. म्हणाली, बोंबील घेतान, तुमाला कनाला पायजे? म्हटलं, असंच. म्हणाली, तुमी पन बोंबीलच घेता.
बाई त्यांना फितूर आहे.

९ ऑगस्ट
भाडेकरूंचे फॉर्म दाखवता येत नाहीत, असं सेक्रेटरी रावसाहेब म्हणाले. चहा पाजला, मग दाखवता आले. 'निखिल शिवराम'. आडनावाच्या जागी वडिलांचं नाव! रावसाहेबांनीही मान हलवली.
अमेरिकेत एका अर्थी बरं. बघताक्षणी कळतं. इथे माणसाला किती मेहनत पडते. (हे भाषणात नको.)

११ ऑगस्ट
प्रियदर्शिनी घरी आली. मीना कपबशा काढत होती, मी कागदी कप पुढे केले. पावसाळ्यात साथीचे आजार असतात. मीनाने सईच्या खोलीचं रडगाणं गायलं. मग ही बाई शहर कुठलं, कॉलेज कुठलं, सगळं खोदून विचारत बसली. माणसाने किती चौकशा कराव्यात? मीनाने तर सईचा नंबरही देऊन टाकला!
निषेध म्हणून मीनाशी दिवसभर बोललो नाही. तिच्या लक्षात आलं नाही.

१५ ऑगस्ट, दुपारी
भाषण उत्तम. 'दुसऱ्याला घर नाकारणारा आधी स्वतःचं माणूसपण नाकारतो,' इथे टाळ्या. शेवटी निखिलने विचारलं, काका, त्या घरमालकिणीने सईला नेमकं काय विचारलं होतं? मी म्हटलं, तपशील महत्त्वाचा नाही. तो हसला.
का हसला?

१६ ऑगस्ट, सकाळी
सईचा फोन. खोली मिळाली, राहायलाही गेली. म्हटलं, भेटला ना शेवटी एखादा चांगला गोरा! म्हणाली, प्रियदर्शिनीताईंची मोठी बहीण, याच शहरात असते.
आणि बाबा, ती पहिली बाई गोरी नव्हतीच. आपल्या साताऱ्याची होती. गाव विचारलं, वाडी विचारली, मामाचं आडनाव विचारलं, तरी तिची खात्री पटेना. त्या दिवशी हेच सांगत होते, तुम्ही ऐकलं नाही.
आमच्याबद्दल संशय? आमच्याबद्दल!
मग विचारलं, आणि या बहिणीने काय काय विचारलं? सई म्हणाली, जेवलीस का, एवढंच.

सायंकाळी
मीना आभार मानायला समोर गेली आहे. मलाही जायचंय. तीनदा चपला घातल्या आणि काढल्या. लाज वाटते. शिवाय, नव्या माणसाशी गाव न विचारता बोलायला सुरुवात कशी करायची, ते मला येत नाही.