बेप्पूपर्यंत सहा मुक्काम

८ मे, संध्याकाळी

उद्या निघणार. एकटा. सेतो समुद्रातून थेट बेप्पू. सहा मुक्काम, सातव्या दिवशी गरम पाण्याच्या कुंडात गळ्यापर्यंत बुडून बसणार. मुक्कामाची सहाही बंदरं नकाशावर लाल पेनने ठरवून टाकली. माझी 'शिरासागी' चोवीस फुटीच आहे, पण शिडाची नौका फुटांवर मोजतच नाहीत. नेणारा कोण, हे बघतात.

आमच्या नौका क्लबच्या नववर्षाच्या जेवणात अध्यक्ष मुरोझोनो म्हणाला होता, पासष्टीनंतर एकट्याने नौका काढणं म्हणजे दुसऱ्यांच्या डोक्याला ताप. मी सदुसष्ट. बोलताना त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, ते जास्त झोंबलं. तिथेच टेबलावर हात आपटून बेप्पू जाहीर केलं. सूप त्याच्या पँटवर सांडलं, तो योगायोग.

योशिएला सगळा प्लॅन वाचून दाखवला. ती कांदा चिरत होती. झालं का वाचून, एवढंच म्हणाली. बायकोला समुद्रातलं काय कळणार? एकेचाळीस वर्षं गाडीत नकाशा मांडीवर घेऊन बसली, तेवढाच तिचा अनुभव. हल्ली भरती-ओहोटीचं कोष्टक मी तिला वाचायला लावतो, ते छापणाऱ्यांनी अक्षरं बारीक केली म्हणून. कागद वाचवतात लेकाचे.

संकल्प: या प्रवासात चिडायचं नाही.

९ मे, सकाळी ६

चिडलो. तिन्ही चष्मे धुरकट. पुसले, धुतले, पुन्हा पुसले. तीनही खराब द्यायचे म्हणजे चष्मेवाल्याची कमालच आहे. परत आल्यावर बघतो त्याच्याकडे.

९ मे, दुपारी ४

आजचा मुक्काम आकाशीच्या सामुद्रधुनीच्या पलीकडे होता. अलीकडे झाला. कोष्टकात प्रवाह फिरायची वेळ 8 होती, ती मी 3 वाचली. 3 सारखाच 8 छापल्यावर माणसाने करायचं काय? सामुद्रधुनीच्या तोंडाशी तासभर इंजिन पूर्ण जोरात चालवलं आणि तेवढ्या वेळात मागे गेलो. किनाऱ्यावर एक माणूस कुत्र्याला फिरवत होता, तो दोनदा माझ्या पुढे निघून गेला.

शेवटी ओकुझाकी नावाच्या मासेमारीच्या बंदरात शिरलो. माझ्या यादीत हे बंदर नाहीच. पण धक्क्यावर एक ऑक्टोपसवाला म्हातारा हात पुढे करून दोर झेलायला उभाच. म्हणाला, या इनागाकीसाहेब, जरा उशीर केलात.

माझं नाव! दोन वर्षांपूर्वी नौकांच्या मासिकात माझं पत्र छापून आलं होतं, नौकातळावरच्या संडासांबद्दल. लोक वाचतात म्हणजे.

योशिएचा फोन. ठरलेल्या बंदरात पोचलो असं सांगितलं. उगाच काळजी करेल म्हणून. ती फक्त "हं" म्हणाली. या "हं"चा मला फार राग येतो.

१० मे, सायंकाळी ५

चाळीस मैलांचा बेत. झाले एकोणीस. कारण सूर्य. पश्चिमेला जायचं म्हणजे दुपारनंतर तो सरळ तोंडावर. समोर सगळं दुधात बुडवल्यासारखं. आणि त्यात वाट दाखवणाऱ्या तरंगत्या बोयाचा रंग पार उडालेला. लाल आहे की हिरवा, जवळ गेल्यावरसुद्धा कळेना. तटरक्षक दलाला खरमरीत पत्र लिहायचं. मुद्दे: १) रंग. २) रंग कधी दिला होता. ३) जबाबदार कोण.

तेवढ्यात एक मासेमारी होडी मुद्दाम माझ्या पुढे आली आणि तिथेच रेंगाळत राहिली. हल्ली कुणाला शिस्त नाही. तिच्या मागे मागे जावं लागलं. ती निशिनोत्सु बंदरात गेली, म्हणून मीही गेलो. हेही यादीत नाही.

मच्छीमार सोसायटीतल्या बाई भाताचे गोळे घेऊन आल्या. आत नेहमी असतं ते खारट आलुबुखार नव्हतं. मला ते लहानपणापासून चालत नाही. त्यांना कसं कळलं? चेहऱ्यावरून. समुद्राकाठची माणसं चेहरा वाचतात.

फोन. सगळं प्लॅनप्रमाणे, म्हणालो. "हं."

११ मे, दुपारी साडेतीन

चौदा मैल. लिहिण्यासारखं कारण नाही. वारा मूर्ख होता.

कामोजिमा बंदर. एका म्हाताऱ्याने दोर बांधून दिला. छान, चारच्या आत आलात, म्हणाला. चारचं काय आहे, असं विचारलं तर गडबडला. तसं सांगितलंय, म्हणाला. कुणी सांगितलंय? हवामान खात्याने, म्हणाला, आणि घाईघाईने जाळं दुरुस्त करायला बसला. जाळं धड होतं.

हे काही बरोबर नाही. मी एकट्याने प्रवास करतोय. एकट्याने म्हणजे एकट्याने! प्रत्येक धक्क्यावर पाहुण्यासारखं स्वागत झालं तर त्याला एकटा प्रवास म्हणत नाहीत, वरात म्हणतात. मुरोझोनोचा हात असणार यात. माझ्यावर पाळत ठेवून नंतर क्लबात हसायचं. त्याच्या पँटवर सूप मुद्दामच सांडलं होतं, हे आज लिहून ठेवतो.

संकल्प: उद्या जिथे कुणीतरी उभं असेल, तिथे थांबायचं नाही.

१२ मे, दुपारी ३

दिसले! कुरेहामाच्या धक्क्यावर चार-पाच ठिपके, हात हलवतायत. मीही राजासारखा हात हलवला आणि सरळ पुढे निघालो. बराच वेळ ओरडत होते. ओरडा. अजून चार तास उजेड आहे. चार दिवसांत पहिल्यांदा राग शांत झाला.

१२ मे, संध्याकाळी ७

हातासे. सोसायटीच्या ऑफिसात बसून लिहितोय.

झालं ते असं. साडेचारला सूर्य पुन्हा डोळ्यांत. पुढे कालवांच्या शेतीचे बांबूचे तराफे होते. ते मला दिसले नाहीत. एका बाईचा ओरडण्याचा आवाज येत होता, उजवीकडून वाटला. मी डावीकडे वळलो. आवाज समोरून होता. तिची लहान होडी माझ्या आणि तराफ्याच्या मधे होती, आणि ती मला दिसली नाही. दहा फुटांवर एकदम तिचा पिवळा रेनकोट दिसला. सुकाणू ढकललं. तिच्या होडीची कड खरवडून शिरासागी तराफ्यावर चढली, तराफ्याचा दोर इंजिनाच्या पंख्यात गुंडाळला, इंजिन बंद. ती बाई पाण्यात पडली होती.

ती आपली आपणच वर चढली. मी नुसता दोर हातात धरून उभा होतो. कोणता दोर, कशासाठी, काही कळत नव्हतं.

तिचं नाव ओत्सुजी कियोमी. पन्नाशीची, कालवांची शेती करते. तिनेच मला ओढून आत आणलं. धक्क्यावर मीच सुरुवात केली, तराफ्यांवर निशाण नाही, झेंडे नाहीत, असा कुठे नियम असतो का. तिने बुटातलं पाणी ओतलं आणि म्हणाली, "काका, तराफा दीडशे फूट लांब आहे. तो लपून बसत नाही."

मग ऑफिसात नेऊन चहा दिला आणि वाटेतल्या सगळ्या सोसायट्यांना आलेला एक फॅक्स पुढे केला. अक्षर योशिएचं आहे, एवढं कळलं. वाचता येईना. छपाई फिकी, असं म्हणालो. तिने कागद परत घेतला आणि मोठ्याने वाचला.

तारीख ७ मे. म्हणजे मी लाल पेन हातात घेण्याच्या आदल्या दिवसाची.

पहिला मुक्काम ओकुझाकी. तो सामुद्रधुनी ओलांडू शकणार नाही. दुसरा निशिनोत्सु. आत येताना कुणीतरी पुढे राहावं, म्हणजे तो मागून येईल. आलुबुखार नको. तिसरा कामोजिमा. एव्हाना चिडलेला असेल. चौथ्या दिवशी कुरेहामाला थांबणार नाही, मुद्दाम पुढे जाईल. पुढे उन्हाची तिरीप आहे आणि हातासेचे तराफे आहेत. चारनंतर कुणीतरी होडी घेऊन तिथे थांबावं, ही हात जोडून विनंती. वर्षभर त्याला नीट दिसत नाही. त्याला सांगू नये. घरात बसवला तर मिटून जाईल. मी फेरीबोटीने येते.

कियोमीबाईंनी कागदाची घडी घातली. मला राग आला. फार आला. तो कुणावर काढायचा म्हणून खोलीभर बघितलं. तिथे मी आणि ओले कपडे घातलेली ती बाई, एवढेच होतो.

तिची वाकून माफी मागितली. आयुष्यात इतका वाकल्याचं आठवत नाही.

१३ मे, सकाळी १०

फेरीबोट साडेअकराला आहे. योशिएला सुनवायचे चार मुद्दे तयार केले. १) नवऱ्याच्या पाठीमागे कारस्थान. २) सबंध किनाऱ्यावर बेअब्रू. ३) मी आंधळा नाही. ४) "हं".

१३ मे, दुपारी २

ती उतरली. एक बॅग, एक छत्री, कियोमीबाईंसाठी केकचा डबा. मी पहिला मुद्दा काढला. तिने विचारलं, "मी कोणत्या रंगाचा कोट घातलाय?"

राखाडी, म्हणालो.

तिने छत्री दुसऱ्या हातात घेतली. मग माझी बाही धरून धक्क्याच्या पायऱ्या उतरायला लागली. एक, दोन, तीन, असं हळू मोजत. बाकीचे तीन मुद्दे राहून गेले. कोट कोणत्या रंगाचा होता ते अजून विचारलेलं नाही.

२ जून, सकाळ

दोन्ही डोळ्यांचा मोतीबिंदू. काल उजव्याचं ऑपरेशन झालं, पट्टी आहे. डाव्याचं पुढच्या आठवड्यात. डॉक्टर म्हणाले, आणखी वर्षभर आधी यायला हवं होतं. त्यांना उत्तर योशिएने दिलं. माझ्या वतीने माफी मागितली. मला विचारलं नाही.

आजची नोंद मी सांगतोय, ती लिहितेय. ही वही तिने उघडलेली मला आवडलेली नाही. तेही लिही, म्हटलं. मागची पानं वाचायची नाहीत अशी ताकीद दिली. वाचून झाली, म्हणाली. वाऱ्याला मूर्ख म्हटलेलं तिला आवडलं.

मुरोझोनो फळं घेऊन आला होता. पंधरा मिनिटं बसला. सूपचा विषय दोघांनीही काढला नाही.

मला राग आलाय, असं लिही, म्हटलं. तिने विचारलं, कुणाचा?

थांब, विचार करून सांगतो, म्हणालो. ती पेन धरून बसली आहे.